जेवढं दिसते तेवढं

तराजूला काटा एकच असतो हे गिरजाबाईला इतकं माहीत होतं, की ती त्याच्याकडे कधी मुद्दाम पाहत नसे. वांगी पारड्यात पडली की वजन तिच्या मनगटाला कळायचं. काटा होता तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. त्या दिवशी वाशीमच्या बाजारात सुलतानबी तिच्यासमोर उकिडवी बसली होती. तिच्या घरचं बांगड्यांचं दुकान होतं आणि भाजी घ्यायची ती गिरजाबाईकडूनच, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. ती म्हणाली, "काटा पाह्य ना गिरजा, कोठी पाहून राह्यली?" गिरजाबाईनं पाहिलं तर काटे दोन होते. एक सरळ उभा, दुसरा त्याच्या बाजूला थोडा तिरपा, आणि दोन्ही तितकेच खरे. कोणता पाहायचा ते तिला कळेना. तिनं पदर डाव्या डोळ्यावर ओढला तेव्हा काटा एक झाला. पदर सोडला की पुन्हा दोन. सुलतानबीच्या नाकातल्या चमक्याही दोन, तिच्या मागचं लिंबाचं झाडही दुहेरी, जणू कोणी सगळ्या बाजारालाच जरा धक्का मारून बाजूला सरकवलं होतं आणि सरकवायचं अर्धवट सोडून दिलं होतं. तिनं पारड्यात दोन वांगी वरून टाकली आणि हिरव्या सांभाराची, कोथिंबिरीची, एक जुडीही दिली. सुलतानबी खूश होऊन गेली. गिरजाबाईला मात्र दिवसभर वाटत राहिलं, की आपण कोणाला तरी फसवलं. कोणाला, ते कळत नव्हतं.

पुढच्या काही आठवड्यांत डाव्या डोळ्याची पापणी खाली यायला लागली. आधी संध्याकाळची, मग सकाळपासूनच, आणि शेवटी ती पडलीच. बोटानं उचलली तर वर जायची, सोडली की पडायची. एका अर्थी बरंच झालं, कारण डोळा मिटल्यावर दोन-दोन दिसणं थांबलं. पण डोळ्यामागं, खूप आत, जिथं बोट पोचत नाही अशा ठिकाणी, दुखणं बसलं होतं. शेजारणींनी नजर उतरवली, वैद्यानं नाकात औषध सोडलं, कोणी म्हणालं तोंडावरून वारं गेलं. तिचा नवरा पुंजाजी हे सगळं मुकाट्यानं करू द्यायचा. तो मळ्यात राबणारा, कमी बोलणारा माणूस. पण एके दिवशी मोट थांबवून तो तसाच ओल्या पायांनी घरात आला आणि म्हणाला की चल, सरकारी दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरनं कंदिलासारखं काहीतरी डोळ्याजवळ धरलं, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि हे आपल्याच्यानं होणार नाही, नागपूरला न्या, तिथं डोक्याचा फोटो निघतो असं सांगितलं.

डोक्याचा फोटो. गाडीत बसल्यापासून गिरजाबाई त्याच शब्दांपाशी अडखळत होती. अकोल्याला गाडी बदलताना, मोठ्या स्टेशनात पलटणीतले शिपाई शीळ घालत उभे होते त्यांच्यामधून वाट काढताना, तिला एवढंच वाटत होतं की फोटोत तोंड येतं, डोकं कसं येईल? लढाई तेव्हा दूर कुठं तरी चालू होती आणि नागपूरच्या दवाखान्यात खाटा कमी पडत होत्या. अंधाऱ्या खोलीत तिला एका थंड फळीवर कानशिलावर निजवलं. हलू नका, श्वास धरा, असं कोणीतरी म्हणालं. कसलासा घुमल्यासारखा आवाज झाला आणि तेवढंच. दुसऱ्या दिवशी उजेडाच्या पेटीवर तो फोटो लावला तेव्हा पुंजाजीनं नजर खाली घातली. गिरजाबाईनं घातली नाही. कवटी तिनं पाहिली होती, नाल्याकाठी, लहानपणी. पण ही तिची होती. तिच्यात एक दाढ नव्हती आणि ती दाढ तिच्या तोंडात खरोखरच नव्हती. एवढ्या एका गोष्टीवरून तिचा त्या फोटोवर विश्वास बसला. मग मोठ्या डॉक्टरांनी पेन्सिलीच्या टोकानं कवटीच्या मधोमध, डोळ्याच्या खोबणीच्या मागं, एक पांढरी रेघ दाखवली. पातळ, वाकडी, नखाच्या मुळाशी असते तशी कोर. त्यांनी सांगितलं की डोक्यात जाणाऱ्या रक्ताच्या नाडीला तिथं फुगा आला आहे. फुग्याच्या भिंतीत चुना धरला आहे, म्हणून तो दिसतो. तोच डोळ्याच्या शिरेला दाबतो. तो असाच राहू शकतो. किंवा वाढू शकतो, आणि वाढता वाढता फुटू शकतो. पुढच्या साली या, पुन्हा फोटो काढू. वाढला असेल तर मानेत कापून ती नाडी बांधून टाकावी लागेल. बांधल्यावर काय होईल, असं पुंजाजीनं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी ते लपवलं नाही. पुष्कळजण बरे होतात. काहींची एक बाजू जाते, काहींची वाचा जाते, काही टेबलावरून उठत नाहीत.

घरी आल्यावर पहिली गोष्ट पुंजाजीनं केली ती ही, की तिच्या डोक्यावरची टोपली काढून घेतली. लग्न होऊन आली तेव्हापासून, त्याच्या आधी बापाच्या घरीसुद्धा, ती भाजीची टोपली डोक्यावर घेऊन चालत आली होती. चुंबळीवर टोपली बसली की पाठ आपोआप ताठ व्हायची, मान स्थिर व्हायची, आणि रस्ता तिचा व्हायचा. आता ती रिकाम्या डोक्यानं पुंजाजीच्या मागं बाजारात जायची आणि तिला चालताच यायचं नाही. पाय कुठंही पडायचे. वजन नसल्यानं डोकं हलकं व्हायला पाहिजे होतं, पण ते जड झालं होतं, कारण आता त्याच्यात काय आहे हे तिला माहीत होतं. वाकताना ती थांबायची. शिंक आली तर दाबायची. उशीवर कान ठेवला की आतून ठक ठक ऐकू यायचं, आणि सगळ्यांनाच ते ऐकू येतं की आपल्यालाच, हे विचारायची लाज वाटायची. मळ्यात ती मांडवाखाली उभी राहायची. काल बोटाएवढा असलेला दोडका आज वीतभर झालेला असायचा. इतकी वर्षं हे पाहून जीव सुखावला होता. वाढलं, असं म्हणताना तोंडाला गोड लागायचं. आता तो शब्द उच्चारताना जीभ अडायची. दोडका वाढताना कोणाला दिसत नाही. दिसतो तो वाढलेला. मधल्या वेळात, पाहणारं कोणी नसताना, अंधारात, पानाआड, तो काय करतो? आणि आपलं डोकं तर कायमचंच पानाआड. पुंजाजी तिच्याकडे पाहत असायचा. भाकर थापताना, न्हाताना, झोपेतसुद्धा. तो पाहतो हे तिला मिटल्या डोळ्याच्या बाजूनंही कळायचं. तो पाहत होता तिच्या तोंडाकडे, पण बघत होता तिच्या आत. माझ्यात मी किती उरले, असं तिला कधी कधी त्याला विचारावंसं वाटे.

दुसऱ्या फोटोच्या वेळी नागपूरच्या दवाखान्यात यंत्र नवीन आलं होतं आणि खोलीही दुसरी होती. मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. गिरजाबाईनं एका डोळ्यानं पाहिलं आणि तिला सांगायची गरज उरली नाही. कोर मोठी होती. ज्वारीच्या दाण्याएवढी का होईना, मोठी होती. मोठ्या डॉक्टरांनी पट्टी लावून मोजलं, मान हलवली आणि आता थांबण्यात अर्थ नाही, याच आठवड्यात नाडी बांधू असं सांगितलं. पुंजाजी लगेच हो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर तिनं जवळजवळ सुटका पाहिली. सालभर तो ज्याची वाट पाहत होता ते एकदाचं आलं होतं. तिला राग आला नाही. तिच्या मनात मळ्यातला पाण्याचा दांड आला. वरून मातीनं तोंड बुजवलं की पुढचा वाफा सुकतो, किंवा दुसऱ्या दांडाचं पाणी झिरपून कसाबसा तगतो. कोणता सुकेल आणि कोणता तगेल हे बुजवणाऱ्याला कधीच आधी सांगता येत नाही. डोक्यातला कोणता वाफा सुकेल? बोलायचा? चालायचा? की लेकीचं, आवडीचं नाव जिथं आहे तो? आवडी ही तिची एकुलती एक लेक, रिठदला दिलेली. तिचं नाव आठवणार नाही असं जगणं कसं असेल, ते ती खाटेवर बसून मनात आणून पाहत होती, पण नाव पुन्हा पुन्हा येतच होतं.

दुपारी एक बुटके, जाड चष्म्याचे डॉक्टर तिच्या खाटेशी आले. हे कापणारे नव्हते, हे फोटोचे डॉक्टर होते. यंत्र त्यांच्या ताब्यात, फोटोंवर सही त्यांची. त्यांनी तिला आणि पुंजाजीला खिडकीशी नेलं, उन्हात स्वतःचा हात धरला आणि भिंतीवरची सावली दाखवली. हात भिंतीपासून दूर नेला, सावली पसरली. तिरपा केला, सावलीचा आकार बदलला. पहिला फोटो जुन्या यंत्रावरचा, ते म्हणाले. त्या वेळी यंत्राचा दिवा किती लांब होता, बाईंचं डोकं किती कललं होतं, हे कुठंही लिहून ठेवलेलं नाही. हा फोटो जवळून निघाला आहे. कोर मोठी दिसते, पण नीट पाहिलं तर दातही थोडे मोठे दिसतात. दात काही सालभरात वाढले नाहीत.

"म्हंजे वाढला नाई?" पुंजाजीनं विचारलं.

"तसं मी म्हणत नाही. वाढलाही असेल. या दोन फोटोंवरून मला सांगता येत नाही, एवढंच म्हणतो आहे."

पुंजाजी चिडला. मोठ्यानं नाही. त्याचा आवाज उलट खाली गेला. तो म्हणाला की साहेब, आमी अडाणी लोक, आमाले दोन गोष्टी सांगू नका. फोटो खोटा कसा असन? तिची दाढ नाही ती पण त्यात बरोब्बर दिसते. फोटोचे डॉक्टर म्हणाले की फोटो खोटा नाही. तो जेवढं दिसतं तेवढंच सांगतो, आणि आपण त्याला जास्त विचारतो. मग ते मोठ्या डॉक्टरांकडे गेले, आणि दाराआडून दोघांचं बोलणं बराच वेळ ऐकू येत होतं. बाहेर आल्यावर मोठे डॉक्टर नाराज दिसले, पण तिच्यापुढे बसून त्यांनी सरळ सांगितलं की अजूनही माझं मत बांधावं असंच आहे. मात्र माझा पुरावा सकाळी वाटला तेवढा पक्का नाही. आता बाईंनी ठरवावं. त्यांनी हेही विचारलं, की माहेरी कोणाला असं काही झालं होतं का? आणि गिरजाबाई, जी कधी त्या गोष्टीबद्दल बोलली नव्हती, बोलली. तिची माय भाकरी थापता थापता दोन्ही हातांनी डोकं धरून ओरडली होती आणि परातीवर पडली होती. लोक म्हणाले, बाहेरचं काही लागलं. गिरजाबाई तेव्हा परकर नेसायची. तिला आठवत होतं ते मायच्या बोटांना लागलेलं ओलं पीठ, आणि ते वाळून पांढरं होईपर्यंत कोणीच पुसलं नव्हतं. पुंजाजीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू सालभर पाहत असूनही त्यानं हे पाहिलं नव्हतं.

ती रात्रभर विचार करत बसली असं नाही. तिला गाढ झोप लागली, पुष्कळ दिवसांनी. सालभर तिनं ती कोर पक्की धरली होती, देवाच्या टाकासारखी, आणि आता कोणीतरी शिकलेला, चष्मा लावणारा माणूस येऊन मला माहीत नाही म्हणाला होता. त्या शब्दांनी तिला का बरं वाटलं ते तिला सांगता आलं नसतं. आजवर सगळ्यांना माहीत होतं. नजर लावणारीचं नाव माहीत होतं, वारं कुठून आलं ते माहीत होतं, वाढला हे माहीत होतं. माहीत नसणाऱ्याच्या शेजारी बसायला जागा होती. सकाळी ती मोठ्या डॉक्टरांना म्हणाली की मी घरी जातो. फोटोच्या डॉक्टरांनी दिवा आणि डोकं यांचं सगळं माप लिहून ठेवावं, अन् पुढच्या साली तसाच्या तसा फोटो काढावा. तेव्हा जे दिसन ते दिसन. पुंजाजी परतीच्या गाडीत तिच्याशी बोलला नाही. पण वाशीमला उतरल्यावर दुसऱ्या बाजाराच्या दिवशी तिनं चुंबळ वळली आणि टोपलीला हात घातला, तेव्हा त्यानं टोपलीची दुसरी बाजू धरली आणि तिच्या डोक्यावर चढवून दिली. मेथीची हलकी टोपली होती. मान ताठ झाली. रस्ता परत आला.

पण पुंजाजीला तिच्या मायची गोष्ट सोसली नाही. ज्याला सगळं पक्कं लागतं त्याच्या पोटात अर्धं काही राहत नाही. रिठदला आवडीच्या सासरी गेला असताना तो सहज बोलून गेला. व्याही उत्तमराव भला माणूस होता, आवाज चढवणारा नव्हता. महिन्याभरात आवडीचं डोकं दोनदा दुखलं, तेव्हा तो स्वतः वाशीमला आला, ओसरीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "गिरजाबाई, पोरगी आमाले जड नाई. पन पुढं लेकरंबाळं व्हाची हायेत. तुमी जाऊनच राह्यल्या तं तिचाबी फोटो काहाडून घ्या. साफ असन तं आमाले काईच बोलाचं नाई." साफ नसेल तर काय, हे तो बोलला नाही. त्याच्याबरोबर आलेली आवडी आतल्या दारात उभी होती. तिच्या हातात लसूण होता आणि ती सोललेलाच पुन्हा सोलत होती.

त्या साली नागपूरला फोटोचा मालही लढाईमुळे मिळत नव्हता. फोटोच्या डॉक्टरांनी तरी दोघी मायलेकींचा एक एक फोटो काढून दिला. गिरजाबाईचा त्यांनी मापं पाहून, दोनदा डोकं सरळ करून काढला, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या सालच्या फोटोवर तो ठेवून दोन्ही उजेडापुढे धरले. दातावर दात बसले, कोरीवर कोर बसली. मला दिसतं त्यात फरक नाही, ते म्हणाले. यंत्राला दिसणार नाही इतका फरक असू शकतो. तो मला कळणार नाही. गिरजाबाईनं मान डोलावली. आता हे बोलणं तिच्या सवयीचं झालं होतं. मग त्यांनी आवडीचा फोटो लावला. कवटी, दात सगळे जागच्या जागी, आणि जिथं कोर असायची तिथं नुसता राखेचा रंग. पुंजाजी आणि आवडी व्हरांड्यात होते. आत ती एकटी होती.

डॉक्टर फोटोवर आणखी वाकले. मग म्हणाले की साफ आहे असं मी लिहून देतो, कारण फोटोत काहीच नाही. पण तुम्ही विचारणाऱ्या आहात म्हणून सांगतो. तुमचा फुगा दिसला तो चुन्यामुळे. बहुतेकांच्या फुग्यात चुना नसतो, तरण्या माणसाच्या तर नसतोच. तसा फुगा असला तरी फोटोत येत नाही. मुलीच्या डोक्यात काही नाही हेच जास्त संभवतं. पण ते हा फोटो सांगत नाही.

"मंग हा कायले काहाडला?" तिनं विचारलं.

"तुमच्या व्याह्यांना पाहिजे होता म्हणून," ते म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मुलीला मी हे समजावून सांगू का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मी सांगन.

व्हरांड्यात आवडीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. गिरजाबाईला वाटलं, सांगावं. जे ‘माहीत नाही’ आपल्याला मिळालं आणि ज्यानं आपण जगलो, ते हिला का देऊ नये? पण तिला मिळालं होतं ते कोर पाहिल्यानंतर, पुंजाजीच्या घरात, जिथून तिला कोणी परत पाठवणार नव्हतं. आवडीनं विचारलं, "साफ हाय?" आणि गिरजाबाई म्हणाली, "साफ हाय." आवडी तिथंच खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. पुंजाजी तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला की फोटो कधी खोटा नसते बाप्पा, मी आधीच सांगतलं होतं. गाडीत आवडी सारखी बोलत होती. अकोल्याला तिनं भजी खाल्ली. आता डोकं दुखतच नाही म्हणाली, ते भेवानंच दुखत होतं.

वाशीमच्या स्टेशनाबाहेर उत्तमराव दमणी जुंपून उभा होता. त्यानं कागद मागितलाही नाही. त्यानं गिरजाबाईकडे पाहिलं, आणि तिला पुन्हा एकदा, या वेळी लोकांत, तेच म्हणावं लागलं. उत्तमरावानं हात जोडले. त्याचा चेहरा खरोखर उजळला, आणि त्यात काही खोटं नव्हतं, हे तिला जास्त लागलं. आवडी चाकावर पाय देऊन चढली. बैल निघाले. उन्हात धूळ उठली आणि धुळीतून आवडीचा हात हलत राहिला, मोकळा, कशाचंच ओझं नसल्यासारखा. पुंजाजी तंबाखू काढत होता.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आजपर्यंत आवडीचं डोकं दुखलं तर ती सांगायची. आता सांगणार नाही. आता दुखलं तर ती हसेल, कपाळाला सुंठ लावेल आणि भाकरी थापायला बसेल. तो सांगायचा रस्ता आपणच दोन शब्दांनी बुजवला. गिरजाबाई चालायला लागली, मग पळायला लागली, दोन साल जी वाकतानाही थांबत होती ती पळत दमणीच्या मागं गेली. पुंजाजी मागून ओरडला. तिनं ऐकलं नाही. दमणीचं मागचं लाकूड तिच्या हाताला लागलं.

"आवडे, डोकं दुखलं तं मले सांगजो. लगोलग. कितीबी थोडं दुखलं तरी."

आवडी खाली वाकली. तिनं मायच्या घामेजल्या तोंडावरचा केस मागं सारला, त्या मिटलेल्या पापणीवरून हळूच बोट फिरवलं आणि हसून म्हणाली, "आता कायले दुखन वं, माय?"